दारापुढची नवी गाडी आणि देशाचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. बोलताना राहून गेलेले दोन-चार मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



मागच्या महिन्यात चिटणीसबाई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "यंदा बाहेरच्या वक्त्या आणायच्या नाहीत. आपल्यातल्याच बायकांनी बोलायचं. तुम्ही ती गाड्यांची वही ठेवता ना, तिच्यावर बोला." ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार माणसांत तोंड उघडले असेल ते उखाणा घेण्यापुरते. पण चिटणीसबाईंना नाही म्हणून पाहा! तेव्हा माझे काही चुकले तर त्याचा अर्धा दोष त्यांच्याकडे.

ती वही मी बरोबर आणली आहे. साधी दोनशे पानी वही आहे. मागल्या बाजूने दूधवाल्याचा आणि वाण्याचा हिशोब, आणि पुढल्या बाजूने दर महिन्याला आपल्या देशात किती नव्या गाड्यांची नोंद झाली, तो आकडा. कार किती, मोटारसायकली नि स्कूटर किती, ट्रॅक्टर किती, ट्रक किती, रिक्षा किती. शेजारच्या वहिनी मला विचारतात, "तुम्हांला काय शोरूम काढायचंय का?" शोरूम नाही काढायचे. दारात आमच्या एकच मोटारसायकल आहे, तीही मुलाची. पण ही वही का सुरू झाली ते सांगितले, की मग तुम्ही हसणार नाही.

आमचे हे भोसरीला एका कारखान्यात प्रेसवर काम करतात. मोटारीच्या दाराला आतून जे पत्र्याचे भाग लागतात, ते तिथे होतात. कारखान्याचे नाव घेत नाही, अजून तिथलाच भात खातो आहोत. पगार ठराविक. पण कारखान्यातल्या माणसाचे घर पगारावर चालत नाही, ओव्हरटाइमवर चालते, हे इथल्या निम्म्या जणींना सांगायला नको. २०१८ ची दिवाळी झाली आणि यांचा ओव्हरटाइम कमी झाला. मला वाटले, साहेबाशी काहीतरी बिनसले असेल, कारण यांचा स्वभाव तसा तापट. मी चार दिवस यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही मोशीला दोन खोल्यांच्या जागेसाठी पैसे भरले. हप्ता ठरवताना ओव्हरटाइम पुन्हा सुरू होईल असे धरून चाललो. तो सुरू झाला नाहीच. जुलै-ऑगस्टात आठवड्यातले दोन-दोन दिवस कारखानाच बंद राहू लागला. यांचा भाचा त्याच ठिकाणी कंत्राटी कामावर होता. एका शनिवारी त्याला सांगितले, सोमवारपासून येऊ नकोस. आणि माझ्या पाटल्या सोनाराकडे गेल्या त्या दोन वर्षे तिकडेच होत्या.

त्या वेळी आमची मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. तिला कॉलेजात काहीतरी लिहून द्यायचे होते, म्हणून ती गाड्यांच्या विक्रीचे आकडे काढत बसली होती. ती म्हणाली, "आई, हे बघ. गेल्या नोव्हेंबरपासून कारचा आकडा दर महिन्याला मागल्या वर्षीपेक्षा खाली आहे. एकही महिना चुकलेला नाही." ऑगस्ट २०१९ मध्ये तर कारची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. हे आकडे १९९७-९८ पासून ठेवले जातात, त्यांत एवढी घसरण आधी कधी नव्हती. आणि देशाच्या उत्पन्नाची वाढ ५ टक्क्यांवर आली हे सरकारने जाहीर केले ते ३० ऑगस्टला. म्हणजे सरकारी हिशोब ऑगस्टअखेर बोलला, गाड्या नोव्हेंबरपासूनच बोलत होत्या. आमच्या घराची बातमी दर महिन्याला वर्तमानपत्रात छापून येत होती, आणि मी त्या पानात पोळ्या गुंडाळून यांना डबा देत होते.

त्या दिवसापासून ही वही आहे.

आता कोणी विचारील, गाड्याच का मोजायच्या? गहू-तांदूळ का नाही? तर गहू-तांदूळ माणूस मेल्याशिवाय सुटत नाहीत. हात आखडला तरी पोळी करावीच लागते. गाडीचे तसे नाही. जुनी अजून एक वर्ष ओढता येते, बसने जाता येते, दिवाळीऐवजी पाडव्याला घेऊ म्हणता येते. आणि बहुतेक गाड्या कर्जावर येतात. तीन वर्षे, पाच वर्षे हप्ता भरायचा म्हणजे तोवर आपली नोकरी टिकेल, दुकान चालेल, ऊस जाईल, असा मनाला भरवसा लागतो. तेव्हा नवी गाडी घेणारा माणूस नुसता पैसे मोजत नाही, पुढल्या दिवसांवर सही करतो. असे लाखो लोक एका महिन्यात सही करतात की हात मागे घेतात, हे त्या आकड्यात दिसते. शिवाय एका गाडीच्या मागे किती घरे असतात! पोलाद, रबर, काच, रंग, बॅटरी, आमच्या यांचा पत्रा, मग बँक, विमा, गॅरेज, पेट्रोलपंप, आणि देवळापुढे गाडीला हार विकणारी बाईसुद्धा.

दुसरे असे, की हा आकडा सहसा खोटा बोलत नाही. गाडी घेतली की तिचा विमा उतरवावा लागतो, कर भरावा लागतो, तेव्हा कुठे नंबर मिळतो. नुसती फुशारकी म्हणून एवढे पैसे सरकारात कोण भरील? आणि तो लवकर कळतो. देशाच्या उत्पन्नाचा हिशोब तीन-तीन महिन्यांचा होतो आणि तो हाती येईपर्यंत आणखी दीड-दोन महिने जातात. गाड्यांचे आकडे मात्र पुढल्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात. केंद्र सरकारची 'वाहन' नावाची नोंदवही आहे, ती मोबाइलवर कुणालाही पाहता येते. मला मुलीने दाखवली. इंग्रजी आहे, पण आकडे तर आकडेच.

इथे एक गोम आहे, ती मला समजायला वर्ष गेले. पेपरात 'गाड्यांची विक्री' म्हणून जे छापतात ते दोन तऱ्हेचे असते. एक हिशोब कारखानदारांच्या संघटनेचा, तिला सियाम म्हणतात. त्यांच्या लेखी गाडी कारखान्यातून निघून दुकानदाराकडे गेली की विकली गेली. दुसरा हिशोब दुकानदारांच्या संघटनेचा, ती फाडा. त्या गाडीची आर.टी.ओ.त गिऱ्हाइकाच्या नावाने नोंद झाली, की ती मोजतात. मी आपली घरातली उपमा देते. दिवाळीला लाडू किती वळले हा एक हिशोब, आणि पाहुण्यांनी किती खाल्ले हा दुसरा. डबे भरलेले दिसतात म्हणून लाडू खपले असे होत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात नेमके तेच झाले. कारखान्यातून कार निघत होत्या, पण दुकानदारांकडे सत्तर-पंचाहत्तर दिवसांचा माल साठून राहिला होता. दुकानदारांच्या मते तो एकवीस दिवसांचा असावा. साठ्याच्या त्या गाड्यांवर त्यांना बँकेचे व्याज भरावे लागत होते. म्हणून मी वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिते. दोहोंत फार अंतर पडले की यांना म्हणते, यंदा ओव्हरटाइम धरू नका. हे हसतात, पण धरत नाहीत.

दुचाकीचा रकाना मला सगळ्यांत जवळचा वाटतो. फाडाच्या आकड्यांप्रमाणे २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे २ कोटी ६१ लाख नव्या गाड्या नोंदल्या गेल्या. त्यांत सुमारे १ कोटी ८८ लाख दुचाकी होत्या आणि साडेएक्केचाळीस लाखांच्या आसपास कार. म्हणजे शंभर गाड्यांत बहात्तर दुचाकी. कार श्रीमंताची किंवा बरे चाललेल्याची. दुचाकी आपल्यासारख्यांची आणि खेड्यातल्या माणसाची. आता कारखान्यांचे आकडे पाहा. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी ११ लाखांवर दुचाकी गेल्या होत्या. २०२४-२५ मध्ये १ कोटी ९६ लाख. सहा वर्षे लोटली, लोकसंख्या वाढली, आणि दुचाकी कमीच! कार मात्र त्याच सहा वर्षांत सुमारे ३४ लाखांवरून ४३ लाखांवर गेल्या. मग देशाचे बरे चालले होते की वाईट? कारच्या रकान्याला विचाराल तर तो म्हणेल उत्तम. दुचाकीचा रकाना गप्प बसेल. एकाच वाड्यात माडीवर पंगत बसावी आणि खालच्या खणात शिळ्या भाकरीवर भागवावे, तसे हे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत. टी.व्ही.वर 'गाड्यांची विक्रमी विक्री' म्हणून सांगतात तेव्हा मी आधी विचारते, कुठल्या गाड्यांची?

माझे माहेर बार्शीकडचे. तिकडे ट्रॅक्टर पाहावे लागतात. पाऊस बरा झाला, मालाला भाव आला, की ट्रॅक्टर वाढतात, हे खरे. पण माझ्या भावाने ट्रॅक्टर घेतला तो काही भरभराट झाली म्हणून नव्हे. बैलजोडी सांभाळायला माणूस मिळेना, चारा परवडेना, म्हणून घेतला. आणि हप्ता भागावा म्हणून आता दुसऱ्यांची शेते भाड्याने नांगरतो. आर.टी.ओ.च्या वहीत हे काही लिहिलेले नसते. तिथे फक्त 'एक ट्रॅक्टर'.

आणि आमच्या भाच्याचे तर ऐका. २०१९ मध्ये त्याचे काम गेले. तीन-चार महिने तो दारोदार फिरला. मग कर्ज काढून त्याने रिक्षा घेतली. रिक्षाचे परवाने राज्य सरकारने २०१७ पासून खुले केले होते, त्यामुळे ती वाट मोकळी होती. त्याच्यासारखे पुष्कळ होते. रिक्षाच्या रकान्यात त्याची एक रिक्षा वाढली. कोणा हुशार माणसाने तो आकडा पाहून म्हटले असेल, वा, देशात धंदा वाढतो आहे! आमच्या घरी त्या दिवशी हार आणला, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि माझी नणंद आत स्वयंपाकघरात जाऊन रडली. मुलगा आय.टी.आय. झालेला होता, फिटर. तेव्हा रिक्षाचा आकडा वाढला की मी थबकते. तो भरभराटीने वाढला की बेकारीने, हे आकड्याकडे बघून सांगता येत नाही, बाकीचे रकाने पाहावे लागतात.

सरकारी हुकमानेसुद्धा आकडा उड्या मारतो. जुलै २०१८ मध्ये सरकारने ट्रकवर पूर्वीपेक्षा जास्त वजन भरायला परवानगी दिली. मग दहा ट्रकांचा माल आठ-नऊ ट्रकांत बसू लागला, आणि नवे ट्रक कमी घेतले गेले. माल कमी झाला नव्हता! त्याच्या आधीचे मार्च २०१७ कोणाला आठवते का? जुन्या तऱ्हेच्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांची नोंद १ एप्रिलपासून होणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महिना संपता संपता आला, आणि दोन-तीन दिवसांत दुकानांपुढे रांगा लागल्या. स्वस्तात मोटारसायकली विकल्या साड्यांच्या सेलसारख्या. त्या महिन्याचा आकडा फुगला, तो काही देश एकदम श्रीमंत झाला म्हणून नव्हे. टाळेबंदीतला एप्रिल २०२० तर सोडूनच द्या. देशातल्या सर्वांत मोठ्या कार कंपनीने त्या महिन्यात देशात एकही कार विकली नाही. माझ्या वहीत तिथे नुसती आडवी रेघ आहे.

लहानपणची एक गोष्ट सांगते. माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदवले तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. स्कूटर दारात आली तेव्हा मी पहिलीत होते! त्या काळी कारखान्याने किती स्कूटरी करायच्या ते सरकारी परवान्यावर ठरे. लोक वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत, आणि नंबर लागल्यावर वरकड पैसे घेऊन तो दुसऱ्याला देणारेही असत. आमच्या गल्लीत ती स्कूटर पाहायला बायका हळदीकुंकू घेऊन आल्या होत्या. आता त्या काळातल्या नोंदलेल्या स्कूटरी मोजून काय कळले असते? लोकांच्या खिशात किती आहे ते नाही. सरकारने परवाना कितीचा दिला तेवढेच. सिंगापूरला आजही काहीसे तसेच आहे. आपल्यातल्या एका भगिनीची मुलगी तिथे असते. ती सांगते, तिथे कार घ्यायची तर आधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. ही पद्धत १९९० पासून आहे, आणि परवाने किती काढायचे ते सरकार ठरवते. तिथे नोंदी मोजून सरकारचे मन कळेल, लोकांचे नाही. लोकांचे मन कळायचे तर परवाना लिलावात केवढ्याला गेला ते पाहायचे.

आता आपल्याकडची अलीकडची हकिकत. २०२५ च्या ऑगस्टात आमच्या मुलाने मोटारसायकल घ्यायचे ठरवले. दुकानात ८० हजार किंमत सांगितली होती. विमा, नोंदणी वेगळी. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी सांगितले, की जी.एस.टी. दिवाळीपर्यंत कमी करू. मी म्हटले, "थांब." तो चिडला. त्याचे मित्र गणपतीत गाडी घेणार होते. ३ सप्टेंबरला निर्णय झाला: लहान कार आणि साध्या मोटारसायकलींवरचा कर २८ वरून १८ टक्के, ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५, आणि लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. मधल्या दिवसांत शोरूमवाले माश्या मारत बसले होते. त्यातच पितृपक्ष आला, तेव्हा तर आपल्याकडे कोणी गाडीचे नावही काढत नाही. फक्त ते तीन आठवडे मोजले असते तर वाटले असते, देशाचे दिवाळे वाजले. आणि मग नवरात्र ते दिवाळी अशी झुंबड उडाली, की ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० लाखांवर गाड्या नोंदल्या गेल्या. तेवढ्या पूर्वी कोणत्याच महिन्यात नोंदल्या नव्हत्या. म्हणून एकट्या सप्टेंबरला रडायचे नाही आणि एकट्या ऑक्टोबरला नाचायचे नाही. दोन्ही महिने मिळून मागल्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांशी ताडून पाहायचे. त्यातही सण पुढे-मागे होतो. दिवाळी एका वर्षी ऑक्टोबरात, एका वर्षी नोव्हेंबरात. ती ज्या महिन्यात, तो महिना भारी दिसणारच. अधिक महिना माहीत असलेल्या बाईला हे शिकवावे लागत नाही.

मुलाच्या गाडीचे म्हणाल तर ८० हजारांत मूळ किंमत साडेबासष्ट हजार, बाकी कर. १८ टक्क्यांनी ती ७३ हजार ७५० ला आली. सव्वासहा हजार वाचले. सातवी पास आईच्या वहीने वाचवले, हे त्याने आपल्या मित्रांना सांगितलेले मी कानांनी ऐकले आहे.

आता तुम्ही मला एक सांगा. इथे ज्यांच्या घरी गाडी आहे, दुचाकी असो की चारचाकी, त्यांनी हात वर करा. (बहुतेकींनी केले.) आता ज्यांच्या घरच्या गाडीच्या कागदावर आपले स्वतःचे नाव आहे, त्यांनीच हात वर ठेवा. (पाच हात राहिले.) पाच! आणि हप्ता भरताना पाटल्या कोणाच्या गेल्या होत्या, ते मी विचारत नाही. हा रकाना माझ्या वहीत नाही, पण तो असावा असे मला फार वाटते. मुलाने गाडी घेतली तेव्हा मी म्हटले होते, "माझ्या नावावर घे." तो म्हणाला, "आई, तुला चालवता तरी येते का?" हे खरेच आहे. आता नातवंडे व्हायच्या आत शिकीन म्हणते. आपल्या मंडळाने शिवणाच्या वर्गासारखा स्कूटरचा वर्ग काढावा, अशी चिटणीसबाईंना इथेच जाहीर विनंती करते. माझे नाव पहिले लिहा.

आमच्या मोशीच्या जागेचे काय झाले, असे बऱ्याच जणी विचारतात. जागा राहिली. दोन वर्षे हप्ता जड गेला, मी पोळ्या करून दिल्या, मुलीने शिकवण्या घेतल्या. पाटल्या सोडवून आणल्या. भाचा अजून रिक्षाच चालवतो, आणि कर्ज फिटले म्हणून आता दुसरी घ्यायची म्हणतो. ती घेतली तर ती मी कुठल्या अर्थाने लिहू, हे त्यालाच विचारणार आहे.

चिटणीसबाईंनी चिठ्ठी पाठवली आहे. मला वाटले, वेळ संपल्याची असेल. तर लिहिले आहे, की फाटकात कोणीतरी आपली नवी स्कूटर आडवी लावली आहे, नंबरही अजून आलेला नाही, हारही तसाच आहे, आणि चहाचे पातेले आत आणता येत नाही. जिची असेल तिने आधी ती बाजूला घ्यावी. आणि कोणत्या महिन्यात घेतली ते मला सांगून जावे, म्हणजे वहीत लिहीन.